पारदाचा स्तंभ आणि प्रमाणाचा अधिकार

पारद म्हटला की वैद्याच्या डोळ्यांसमोर खल आणि कज्जली उभी राहते. विद्युत्शास्त्रात मात्र याच पारदाने एके काळी विद्युतरोधाचे आंतरराष्ट्रीय माप पुरविले. हा इतिहास औषधनिर्मात्यांनीही अवश्य जाणून घ्यावा, असे माझे मत आहे.

१८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली तारायंत्राची केबल काही आठवड्यांतच निकामी झाली. अशा केबलमधील दोष कोठे आहे हे शोधण्यासाठी तारेचा रोध मोजावा लागे. परंतु रोधाची एकके ठिकठिकाणी निराळी होती. १८६१ मध्ये विल्यम थॉमसन यांच्या सूचनेवरून ब्रिटिश असोसिएशनने समिती नेमली. पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेलही तिच्यात आले. समितीने लांबी, वस्तुमान व काल या मूळ एककांवरून रोधाचे एकक सिद्ध केले आणि मिश्रधातूच्या तारेची वेटोळी प्रमाण म्हणून दिली. जर्मनीत वेर्नर सीमेन्स यांनी १८६० मध्येच निराळा मार्ग सुचविला होता : शून्य अंश सेल्सिअसला एक मीटर लांबीचा व एक चौरस मिलिमीटर छेदाचा शुद्ध पारदाचा स्तंभ. कृती ठाऊक असली की कोणत्याही प्रयोगशाळेला तो स्वतः सिद्ध करता येई.

१८८१ च्या पॅरिस परिषदेने दोहोंचा मेळ घातला. मूल्य ब्रिटिश पद्धतीचे, मूर्त रूप पारदाचे. त्याच सुमारास लॉर्ड रॅले यांच्या मोजणीत समितीचे एकक अपेक्षित मूल्यापेक्षा सुमारे १.३ टक्क्यांनी कमी भरले. स्तंभाची लांबी १८८४ मध्ये १०६ सेंटिमीटर ठरली. १८९३ च्या शिकागो परिषदेत ती १०६.३ झाली. थॉमसन-मॅक्सवेल यांची थोरवी या सुधारणेच्या आड आली नाही.

पुढे पारदही मागे पडला. क्लाउस फॉन क्लित्झिंग यांना १९८० मध्ये आढळलेल्या क्वांटम हॉल परिणामावर आधारलेले रोधाचे प्रमाण १ जानेवारी १९९० पासून सर्वत्र स्वीकारले गेले. २० मे २०१९ पासून तर विद्युत एकके निसर्गाच्या स्थिरांकांच्या निश्चित मूल्यांवरच उभी आहेत.

प्रमाणाचा अधिकार प्रवर्तकाच्या कीर्तीत नसून, इतरांना ते पुन्हा सिद्ध करून पडताळता येण्यात असतो, हेच यातून दिसते. शार्ङ्गधराने मागध व कालिंग अशी दोन माने नोंदविली; आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियाने कर्ष १२ ग्रॅम धरला. परंतु वजन ठरले म्हणजे औषध ठरले, असे नव्हे. सीमेन्स यांनी लांबीसोबत तापमान आणि शुद्धताही सांगितली होती. आपणही कल्प सिद्ध करताना द्रव्याची शुद्धता, अग्नीचे प्रमाण व मर्दनाचा काल आकड्यांत नोंदवावा. ‘आमच्या घराण्याची कृती’ एवढे उत्तर रुग्णाला पुरेसे नाही. दुसऱ्या वैद्याने त्याच नोंदीवरून तोच कल्प सिद्ध करून दाखविला, तरच ती कृती प्रमाण म्हणावी.