सायकली परतल्यावर काय उरते?

हिवाळा सुरू झाला की विदर्भातील रस्त्यांवर अलीकडे एक नवे दृश्य दिसू लागते. डोक्यावर हेल्मेट, अंगात एकसारखे रंगीत टी-शर्ट, पाठीवर एखाद्या सेवाकार्याचे नाव आणि मागून पाण्याच्या बाटल्या व फळे घेऊन येणारी गाडी. नोकरी-व्यवसायात स्थिरावलेले मित्र एकत्र येतात, एखाद्या रुग्णालयासाठी किंवा वसतिगृहासाठी निधी जमविण्याचा संकल्प सोडतात आणि शे-दोनशे किलोमीटरचा पल्ला सायकलने गाठतात. नागपूरहून वरोऱ्याचे आनंदवन सुमारे शंभर किलोमीटर. हिंमत अधिक असेल तर वैनगंगा ओलांडून गडचिरोली, आलापल्ली आणि थेट भामरागड. या उत्साहाची थट्टा करण्याचे काहीच कारण नाही. सुट्टीचा दिवस करमणुकीत न घालविता समाजासाठी घाम गाळावासा वाटणे, हे निरोगी मनाचेच लक्षण आहे. तथापि प्रत्येक चांगल्या उपक्रमाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे. सायकली परत गेल्यावर त्या गावात काय उरते?

हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीच्या भूमीत विशेष टोकदार होतो. कारण सेवेसाठी सायकल चालविण्याचा फार मोठा प्रयोग याच भूमीतील एका माणसाने उभा केला होता, आणि नुसत्या दानाने माणूस दुबळा होतो, कामाने तो उभा राहतो, हेही त्याच माणसाने आयुष्यभर सांगितले होते.

पैशाचे मोल आणि मर्यादा

निधीसाठी सायकलफेरी ही मूळची पाश्चात्त्य देशांतील रीत. स्वाराने अंतर ठरवायचे आणि त्याच्या परिचितांनी त्यासाठी रक्कम द्यायची, असा हा सरळ हिशेब. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बिली स्टार या तरुणाने १९८० मध्ये ३६ सायकलस्वारांना घेऊन कर्करोगावरील संशोधन व उपचारांसाठी अशी फेरी काढली. पहिल्या वर्षी सुमारे दहा हजार डॉलर जमले. आज त्या वार्षिक फेरीने जमविलेल्या निधीची एकूण रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. प्रयोगशाळेला उपकरणे लागतात, संशोधकांना वेतन लागते, औषधांच्या चाचण्यांना वर्षानुवर्षे पैसा लागतो. तेथे पैसा हीच सेवा ठरते. ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

पण प्रत्येक दुःखावर पैसा हे औषध नसते. काही दुःखांचे मूळ अभावात नसून दुराव्यात असते. कुष्ठरोग हे त्याचे ठळक उदाहरण. बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, हे १९८० च्या दशकातच सिद्ध झाले. पण जीवनसाथीला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्याच्या पुस्तकात राहिले, ते २०१९ मध्ये संसदेने दुरुस्ती करेपर्यंत! रोगजंतू औषधाने मरतात. समाजाच्या मनातील किळस औषधाने मरत नाही. त्यासाठी कोणीतरी जवळ जावे लागते, शेजारी बसावे लागते, त्या हातचे पाणी प्यावे लागते.

आनंदवनाचा धडा

बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवनाचा संसार मांडला, तेव्हा त्यांच्याजवळ साधनाताईंची साथ, मोजके रुग्ण आणि एक लंगडी गाय एवढेच भांडवल होते. रुग्णांनी स्वतः विहीर खोदली, जमीन लागवडीखाली आणली, भाजीपाला पिकविला. परंतु कुष्ठरुग्णांच्या हातची भाजी घेणार कोण? वरोऱ्याच्या बाजारात तिला गिऱ्हाईक मिळेना. त्या वेळी आनंदवनाला दयेची कमतरता नव्हती. कमतरता होती ती विश्वासाची.

ही कोंडी कशी फुटली, हे आजच्या प्रत्येक सेवाभावी मित्रमंडळाने लक्षात घेण्यासारखे आहे. १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. रुग्णांबरोबर त्यांनी विटा वाहिल्या, भिंती उभ्या केल्या, एकत्र जेवण घेतले. दूरदेशीची माणसे निर्भयपणे या लोकांत राहतात, हे वरोऱ्याने पाहिले आणि संकोच हळूहळू सैल होऊ लागला. त्या तरुणांनी धनादेश दिला असता, तर भिंती कदाचित उभ्या राहिल्याही असत्या. पण माणसामाणसांतील भिंत पडली नसती.

पुढे मूल तालुक्यातील सोमनाथ येथे बाबांनी तरुणांसाठी श्रमसंस्काराची छावणी सुरू केली. ऐन मे महिन्यातील चंद्रपूरच्या उन्हात महाविद्यालयीन मुले-मुली कुदळ-फावडे घेऊन राबू लागली. हात हे उगारण्यासाठी नाहीत आणि पसरण्यासाठीही नाहीत, ते घडविण्यासाठी आहेत, हा त्या छावणीचा संस्कार होता.

देश जोडणारी चाके

याच संस्काराचे विशाल रूप देशाने १९८५ च्या डिसेंबरात पाहिले. तो काळ आठवावा. १९८४ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि पाठोपाठ दिल्लीत निरपराध शीख बांधवांचे शिरकाण झाले. १९८५ च्या ऑगस्टमध्ये संत हरचंदसिंग लोंगोवाल यांना दहशतवाद्यांनी मारले. देश मनाने तुटतो की काय, अशी शंका जाणत्यांना ग्रासत होती. अशा वेळी सत्तरी ओलांडलेले, मणक्याच्या विकाराने धड बसूही न शकणारे बाबा आमटे कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर आणि बाबा सोबतच्या वाहनात आडवे पडून, असा हा सुमारे पाच हजार किलोमीटरचा प्रवास होता. १९८८ मध्ये दुसरी यात्रा निघाली, अरुणाचलातील इटानगरपासून गुजरातमधील ओख्यापर्यंत. ती पहिलीहूनही लांब पल्ल्याची होती.

राष्ट्राच्या एकात्मतेची हाक त्याआधीही दिली गेली होती. १९८३ मध्ये विश्व हिंदू परिषदेच्या एकात्मता यात्रेने गंगाजलाचे कलश देशभर फिरविले आणि त्या प्रवाहांचा संगम नागपुरात झाला. दोन्ही उपक्रमांची भाषा निराळी, प्रतीके निराळी. पण ही भूमी एक आहे ही जाणीव समान होती. बाबांचे वैचारिक नाते गांधी-विनोबा-साने गुरुजी या परंपरेशी होते. नर्मदा प्रकल्पाबाबतची त्यांची भूमिका आणि त्यासाठी त्यांनी १९९१ मध्ये पद्म सन्मान परत करणे, हे अनेकांना पटले नव्हते, आजही पटत नाही. परंतु मतभेदांपलीकडे जाऊन तपश्चर्येपुढे नतमस्तक होणे, हीच हिंदू मनाची रीत आहे. पंजाब पेटलेला असताना तिकडे निःशस्त्र सायकली वळविणे म्हणजे काय, हे १९८९ मध्ये मोगा येथील शाखेवरील गोळीबारात आपली माणसे गमावलेल्या संघ परिवाराला वेगळे सांगावे लागत नाही.

‘भारत जोडो’ हे नाव पुढे २०२२ मध्ये एका राजकीय पक्षाच्या पदयात्रेनेही घेतले. त्या यात्रेच्या गुणदोषांची चर्चा राजकारणाच्या प्रांगणात होत राहील. येथे मुद्दा एवढाच, की बाबांच्या सायकलयात्रेत कोणाला मते मागायची नव्हती आणि निधीची थैली हाही तिचा हेतू नव्हता. तमिळ, मराठी, पंजाबी मुलांनी एकाच रस्त्याचा चढ दमून चढावा, परक्या गावात मुक्काम करावा, अनोळखी ताटात जेवावे आणि तेथल्या माणसाला आपले म्हणावे, हीच तिची मिळकत होती.

दान कोणते?

भारतीय परंपरेने दानाला कमी लेखलेले नाही. पण दान कसे करावे, याचा तिने बारकाईने विचार केला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा ठेवून दिलेले ते राजस. घेणाऱ्याचा सन्मान न राखता, त्याला तुच्छ लेखून दिलेले ते तामस. छायाचित्रासाठी वनवासी मुलांना रांगेत उभे करून बिस्किटांचे पुडे वाटणारा उत्साही कार्यकर्ता यांपैकी कोणत्या वर्गात बसतो, हे ज्याचे त्याने ठरवावे. हेतू चांगला असूनही कृती अपमानकारक ठरू शकते, ही सेवाक्षेत्रातील सर्वांत अवघड गोष्ट आहे.

वनवासी समाज हा याचक समाज नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या छोट्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ पासून आपल्या जंगलातील बांबू स्वतः विकून ग्रामसभेचा कारभार चालवून दाखविला. अशा गावात जुने कपडे वाटायला जाणारा पाहुणा देण्याऐवजी शिकूनच परत येईल. आनंदवनातील रुग्ण व दिव्यांग कलाकारांच्या ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदानेही हेच शिकविले. तिकीट काढून येणारा श्रोता दाता नसतो, तो रसिक असतो. आणि मंचावरचा गायक लाभार्थी नसतो, तो कलावंत असतो.

मुक्कामाची शिकवण

संघकार्याच्या पहिल्या पिढ्यांना सायकलचे हे मर्म चांगले ठाऊक होते. कॅरिअरला पिशवी बांधून खेड्यापाड्यांत फिरणारा कार्यकर्ता कोणत्याही विक्रमासाठी निघालेला नसे. तो ‘प्रवासा’ला निघालेला असे, आणि प्रवासाचे माप किलोमीटरांत नव्हे, तर किती घरी मुक्काम झाला आणि किती चुलींपाशी जेवण झाले यात होई. बाळासाहेब देशपांडे यांनी १९५२ मध्ये जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाचा पाया घातला, तो तेथे जाऊन राहूनच. स्वतः कुष्ठरोग झालेले सदाशिव कात्रे यांनी १९६२ मध्ये चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघ उभा केला. पुढे दामोदर गणेश बापट यांनी दशकानुदशके तेथे रुग्णांसोबत जीवन काढले. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ च्या अखेरीस सुरू झालेल्या हेमलकशाच्या प्रकल्पासाठी जंगलात गेले, ते परतीची तारीख न ठरविता. ध्वज निराळे असतील, पण सूत्र एकच होते. आधी राहणे, मग देणे.

प्रत्येकाने घरदार सोडून जंगलात जावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. संसारी माणसाची सेवा संसाराच्या मर्यादेतच होणार. परंतु मित्रांच्या सायकलफेरीला या सूत्राची जोड देणे अवघड नाही. भपकेबाज स्वागताऐवजी आधी कळवून एका गावात रात्रीचा मुक्काम करावा. आणलेली शिदोरी गावाच्या पंगतीत मिसळावी. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास गाव सांगेल ते काम करावे. दुर्गम तालुक्यांतील शाळकरी मुलींना सरकारी योजनेतून सायकली मिळतात. पण चेन तुटली, ट्यूब गेली की दुरुस्तीचे दुकान जवळ नसल्यास तीच सायकल ओसरीत पडून राहते. शहरातून आलेल्या सायकलस्वारांना ही विद्या अवगत असते. एक पंप, पान्यांचा एक संच आणि गावातील दोन मुलांना दिलेले अर्ध्या दिवसाचे शिक्षण, एवढ्यानेही कित्येक मुलींची शाळा चुकायची थांबेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढच्या वर्षी त्याच गावी पुन्हा जावे. नवा मार्ग, नवे अंतर, नवे छायाचित्र यांचा मोह टाळून त्याच दारी परतणे, ही सेवेची खरी कसोटी आहे.

आता वेळ आली आहे

गडचिरोलीच्या दृष्टीने या विचाराला आज विशेष निकड आहे. १९८० च्या सुमारास याच जंगलात तरुणांची दुसरी टोळी शिरली होती, खांद्यावर बंदूक घेऊन. चार दशके वनवासी समाजाने त्या बंदुकीची आणि तिच्यामुळे आलेल्या दहशतीची किंमत मोजली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल चळवळीचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. भय ओसरत आहे, रस्ते होत आहेत, लोहखनिजाच्या मालमोटारी धावत आहेत. उद्या पर्यटक येतील, व्यापारी येतील, कॅमेरे येतील. बंदुकीने रिकामी केलेली जागा कोण भरणार, हा प्रश्न केवळ शासनाचा नाही. तो शहरातील सुखवस्तू समाजाचाही आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमावरील भामरागड पावसाळ्यात आजही पुराने जगापासून तुटते. ते मनाने तुटलेले राहू नये, याची जबाबदारी कोरड्या ऋतूत तेथे जाणाऱ्यांवर आहे.

म्हणून मित्रांनी सायकली जरूर काढाव्यात. निधी जमवावा, आणि तो जेथे पैशाचीच गरज आहे अशा रुग्णालयाला वा वसतिगृहाला चोख हिशेबाने पोचवावा. पण गावाकडे जाताना दाता म्हणून न जाता पाहुणा म्हणून जावे, आणि परतताना नातेवाईक होऊन परतावे. सेवाकार्याच्या अहवालात किती किलोमीटर झाले व किती रुपये जमले, हे दोन रकाने असतातच. तिसरा रकाना यापुढे जोडावा: गेल्या वर्षी ज्या घरी जेवलो, त्या घरातील माणसांची नावे यंदा आठवतात का? तो रकाना भरता येऊ लागला, की चाके योग्य दिशेने फिरत आहेत असे समजावे.