गोष्टीची गोष्ट : शूर बोवो आणि बोबे-मायसे

या वेळची गोष्ट जरा लांबून आली आहे, थेट फ्रान्सहून. आजीआजोबांनी ती मोठ्याने वाचावी आणि नातवंडांनी जवळ बसून ऐकावी. मराठी शब्द अडला तर विचारायचा, लाजायचं नाही बरं का!

सुमारे नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये गावोगाव फिरणारे गवई असत. बाजारात, जत्रेत, सरदारांच्या वाड्यांत ते तंतुवाद्य वाजवून वीरांच्या कथा गात. आपला शाहीर डफावर पोवाडा गातो ना, तसंच समजा. या लांबलचक गाण्यांना 'शांसों द जेस्त' म्हणत. 'शांसों' म्हणजे गाणं आणि 'जेस्त' म्हणजे केलेली कामं, पराक्रम. हा 'जेस्त' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अशी शंभरेक काव्यं आज शिल्लक आहेत.

त्यांतलं सर्वांत नावाजलेलं काव्य रोलां या वीराचं. खरी घटना लहानशीच. १५ ऑगस्ट ७७८ रोजी शार्लमान राजाचं सैन्य स्पेनहून परत येत होतं. पिरेनीज डोंगराच्या खिंडीत बास्क लोकांनी सैन्याच्या पिछाडीवर छापा घातला आणि रोलां मारला गेला. पण तीनशे वर्षांनी, ११०० च्या सुमारास, त्याचं चार हजार ओळींचं काव्य झालं. डोंगरातले बास्क गेले आणि त्यांच्या जागी मुसलमानांची अफाट फौज आली! रोलां मदतीसाठी शिंग फुंकायला तयार होत नाही, त्याचा शहाणा मित्र ऑलिव्हिए परोपरीने विनवतो, आणि शेवटी शिंग वाजतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येत असणार.

असा बदल का झाला? कारण ते दिवस क्रूसेडचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाचे होते. १०९६ साली त्याच लाटेत ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यू वस्त्यांत भयंकर कत्तली झाल्या. रोलांच्या काव्यातही सारागोसा शहर जिंकल्यावर तिथली सिनेगॉगं आणि मशिदी फोडल्याचं अभिमानाने सांगितलं आहे. एकाचा पराक्रम दुसऱ्याच्या घरावर कसा कोसळतो, हे मुलांनो, वीरकथा ऐकताना विसरू नये.

आता गंमत ऐका. याच जातीचं एक काव्य बारावं शतक संपता संपता इंग्लंडमधल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांत तयार झालं. त्याचा नायक हॅम्प्टनचा, म्हणजे आजच्या साउदॅम्प्टनचा, बोव्ह. त्याची आई कपटाने त्याच्या म्हाताऱ्या बापाला मारवते आणि पोराला परदेशी व्यापाऱ्यांना विकते. परमुलखात राजकन्येचं त्याच्यावर प्रेम बसतं, लढाया होतात, ताटातूट होते आणि अखेरीस तो आपलं घर परत मिळवतो. ही कथा इटलीत गेली, तिथे नायकाचं नाव झालं बुओवो.

इटलीत तेव्हा एलिया लेविता नावाचे ज्यू विद्वान राहत होते. जन्म १४६९ चा, जर्मनीतला. हिब्रू व्याकरणात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, एका ख्रिस्ती कार्डिनललाही त्यांनी हिब्रू शिकवलं. पण १५०७ मध्ये त्यांनी ही कथा लिहिली ती हिब्रूत नव्हे, तर घरात, चुलीपाशी बोलल्या जाणाऱ्या यिद्दिशमध्ये! आठ-आठ ओळींची ६५० कडवी. नाव 'बोवो-बुख'. १५४१ मध्ये ते छापलं गेलं तेव्हा लेविता सत्तरी ओलांडलेले होते, आणि स्वतःला ते भाविक स्त्रियांचा सेवक म्हणवत. ज्या गाण्यांत आपली सिनेगॉगं पाडली जात, त्याच घराण्यातलं एक गाणं त्यांनी उचललं आणि ज्यू आयाबायांच्या हाती करमणुकीसाठी दिलं. तलवार न उचलता केलेला हा केवढा पराक्रम!

लोकांनी ते पुस्तक शतकानुशतकं वाचलं. असल्या अचाट कथेला 'बोवो-मायसे' म्हणायची रीत पडली. पुढे बोवो कोण हे लोक विसरले. यिद्दिशमध्ये 'बोबे' म्हणजे आजी, म्हणून 'बोवो-मायसे'ची झाली 'बोबे-मायसे', आजीबाईच्या गप्पा! इस्राएलमध्ये युरोपातून आलेल्या शेजाऱ्यांच्या तोंडी हा शब्द तुम्ही ऐकलाही असेल.

आणि 'मायसे' म्हणजे काय? नातवंडांनो, तुम्ही सांगा! हिब्रूतला 'मआसे', म्हणजे केलेलं काम, आणि त्यावरून गोष्ट. फ्रेंच 'जेस्त'चा अर्थही तोच नव्हता का?

पाहा, गोष्ट फ्रेंचमधून इटालियनमध्ये आणि तिथून यिद्दिशमध्ये गेली आणि जगली. पण सांगायला कोणीतरी लागतं आणि ऐकायलाही. आपल्याही वाडवडिलांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा मराठी कीर्तनांतून गायल्या. आज आजीचं मराठी नातवाला अर्धंच कळतं आणि नातवाचं हिब्रू आजीला अर्धंच. म्हणून काय गप्प बसायचं? दोन अर्ध्यांचं मिळून एक होतं. येत्या शब्बाथला जेवणं झाली की आजीने लहानपणची एक गोष्ट मराठीत सांगावी आणि नातवंडाने तीच हिब्रूत परत सांगावी. चुकली तर चुकू द्या. बोवोची बोबे झाली, तरी गोष्ट टिकलीच की!