खोगीर घेताय? आधी घोड्याची पाठ बघा

गेल्या पावसाळ्याआधी लालबागच्या एका चाळीत खोगीर आले. टॅक्सीच्या डिकीतून काढून ते तिसऱ्या मजल्यावर नेले तेव्हा चाळीतली पोरे जिन्याने मागे धावली. त्या घरची मुलगी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. एन.सी.सी.त ती घोड्यावर बसायला शिकली आणि आता तिला अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेत उतरायचे आहे. वडील गोदीत कामाला. त्यांनी भिशी उचलली आणि एका व्यापाऱ्याकडून जुने जंपिंग खोगीर घेतले. चामडे चकचकीत, शिलाई ठसठशीत. महिनाभरात घोड्याच्या पाठीवर सूज आली. मोतद्दाराने खोगीर उलटे करून पाहिले आणि म्हणाला, आतला सांगाडा मोडलाय. खोगीर माळ्यावर पडले, भिशीचे हप्ते मात्र चालू राहिले.

वाचक म्हणतील, आमच्या घरात खोगीर कशाला? खरे आहे. पण आपली मुले आता एन.सी.सी.त आणि पशुवैद्यकात जातात. 1932 साली बंद झालेले मुंबईचे घोडेस्वार पोलीस 2020 साली पुन्हा रस्त्यावर दिसले. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर अॅमॅच्युअर रायडर्स क्लबची घोडेस्वारी चालते, ती आपल्यापैकी अनेकांनी बाहेरून पाहिलेली आहे. एखादे मूल आत गेलेच, तर निदान फसू नये.

प्रथम हे समजून घ्या की रेसचे खोगीर वेगळे. ते हाताच्या पंजावर तोलता येईल इतके हलके असते आणि शिकणाऱ्याच्या काही कामाचे नाही. स्वस्त मिळते म्हणून ते उचलू नका. उडीच्या खोगिराच्या बाजूच्या झडपा पुढे झुकलेल्या असतात. उडीसाठी रिकिबी आखूड बांधतात, गुडघा वर आणि पुढे येतो, त्याला टेकायला जागा लागते. गुडघ्यापाशी गादीही असते. परदेशात घोड्याची ठेवण दाखवण्याच्या स्पर्धा होतात, तिथे सरळ झडपांचे खोगीर वापरतात, म्हणजे घोड्याचा खांदा झाकला जात नाही. आपल्याकडे उड्यांच्या स्पर्धेत उतरायचे तर तो दुसरा खर्च करू नये. रोजची रपेट आणि लहान उड्या दोन्हींना चालेल असे 'जनरल पर्पज' खोगीर मिळते, सुरुवातीला तेवढे पुष्कळ झाले.

आता त्या सांगाड्याविषयी. खोगिराच्या आत लाकडाचा किंवा प्लास्टिकचा सांगाडा असतो, त्याला 'ट्री' म्हणतात. स्वाराचे वजन तोच पाठीच्या दोन्ही बाजूंना वाटून देतो. तो मोडला की सारा भार एका जागी टोचतो, आणि चामडे तर वरून तसेच छान दिसत राहते! म्हणून जुने खोगीर घेताना पुढचा उंच भाग आपल्या पोटाला टेकवा आणि मागचा भाग दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढा. किंचित लवेल, ते चालते. पण बैठकीच्या मध्ये घडी पडली किंवा करकर आवाज आला, तर पैसे खिशात ठेवून परत या. मग पुढच्या कमानीच्या दोन्ही बाजू धरून फाकवून बघा; तिथे जराही हालचाल नको. तंग ज्या पट्ट्यांना अडकवतात त्यांची शिलाई बघा, भोके लांबट झाली आहेत का बघा. पट्टा बदलता येतो, सांगाडा दुरुस्त करण्याच्या भानगडीत मात्र पडू नये.

दुसरी गोष्ट मापाची. दुकानात तुमच्या मुलाचे माप घेतील, पण घोड्याचे कोण घेणार? मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्याच्या आणि खोगिराच्या कमानीमध्ये, स्वार बसल्यावरही, दोन-तीन बोटे जाग हवी. खालच्या दोन गाद्यांमधला चर कण्याला कुठेही लागता कामा नये. गाद्यांत लोकर भरलेली असते, ती दबली तर पुन्हा भरून घेता येते. 'खोगीरभरती' हा शब्द आपण निकामी भरण्यासाठी वापरतो, पण घोड्याला विचाराल तर तो ती भरती निकामी म्हणणार नाही. स्वाराच्या बाजूने एवढेच पाहावे की बसल्यावर मागे चार बोटे जागा उरते. बैठकीचे माप इंचांत सांगतात. मोठ्या माणसाला बहुधा साडेसोळा ते साडेसतरा लागते.

यावरूनच कळेल की घोडा ठरलेला नसताना खोगीर घेणे चूक. क्लबच्या वेगवेगळ्या घोड्यांवर शिकणाऱ्याने क्लबचेच खोगीर वापरावे आणि पहिला पैसा डोक्यावरच्या हेल्मेटवर घालावा. ते मात्र नवेच घ्या. एकदा आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी भरवशाचे नसते. दुसरा खर्च टाचेच्या बुटांचा. रिकीब बुटापेक्षा इंचभर रुंद हवी, नाहीतर पडताना पाय अडकतो.

घ्यायचेच झाले तर कानपूरचा माल बघा. 1857 नंतर इंग्रजांनी आपल्या फौजेसाठी तिथे खोगिरांचा सरकारी कारखाना काढला, तेव्हापासून तो धंदा त्या शहरात मुरला. आज तिथली खोगिरे युरोपात जातात, कानपूर सॅडलरीला भौगोलिक मानांकनही आहे. फ्रान्स-जर्मनीचे नावाजलेले खोगीर लाखांत जाते, कानपूरचे हजारांत मिळते. सगळेच चांगले असते असे नाही, वर सांगितलेली परीक्षा तिथेही लागू. (कातडे कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या हातांची जात तिथेही आपल्याच वस्त्यांतली, आणि त्यांच्यातले घोड्यावर बसलेले किती, हा हिशेब कोणी मांडत नाही.)

कृत्रिम कापडाचे खोगीरही वाईट नाही. हलके असते, पाण्याने पुसता येते, काहींची पुढची पट्टी बदलून रुंदी कमीजास्त करता येते. मुंबईच्या पावसात हा मोठा फायदा. चामड्याचे खोगीर जुलैत चाळीच्या खोलीत आठ दिवस ठेवले तर बुरशी चढते. ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये, सुती चादरीत ठेवावे. घाम ओल्या फडक्याने पुसून खोगिराचा साबण लावावा आणि सावलीत वाळवावे. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवले तर चामडे तडकते.

लालबागची ती मुलगी सध्या क्लबच्या खोगिरावर बसते, हेल्मेट नवे आहे. दिवाळीनंतर तिचे वडील पुन्हा एक जुने खोगीर बघायला गेले. पोटाला लावून ओढायला लागले तसा दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही रेसमधले का?"

"नाही, गोदीतला," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिले.