मुळशी पेट्याचा वाटा

१९२१ साली रामनवमीच्या दिवशी मुळशी पेट्यातील मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली लढल्या गेलेल्या त्या लढ्याचा शेवट पुणेकरांस सांगावयास नको. जमिनी बुडाल्या, १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहातील वीज मुंबईकडे धावू लागली, आणि ज्यांच्या शेतांवर ते पाणी उभे राहिले त्यांच्या घरांत कंदीलच तेवत राहिले. त्या जुन्या जखमेवरची खपली आज काढण्याचे कारण असे की, त्याच तालुक्यात तोच प्रश्न नव्या वेषात उभा आहे.

हिंजवडीची माहिती तंत्रज्ञान नगरी मुळशी तालुक्यातच आहे, याचा अनेकांस विसर पडतो. तेथून अमेरिकेतील पेढ्यांचे हिशेब क्षणार्धात सांभाळले जातात. आणि पौड ओलांडून ताम्हिणीच्या वाटेस लागलेल्या प्रवाशाच्या हातातील भ्रमणध्वनी घाटात मुका होतो. तालुका एकच! सरासरी काढणाऱ्या अधिकाऱ्यास मात्र हा तालुका पुढारलेलाच दिसणार. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने उपग्रहाद्वारे इंटरनेट पुरविणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले, तेव्हा गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांची नावे पुढे आली. ती यावयासच हवी होती. त्यांच्या वाट्याचे काढून आम्हांस काही नको. पण दुर्गमता जिल्ह्यावर मोजावयाची की वाडीवर, हा आमचा प्रश्न आहे.

केंद्र सरकारने २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. तार पंचायतीच्या कचेरीपर्यंत नेली की उद्दिष्ट पुरे झाले, अशी तिची मूळ मोजणी होती. सह्याद्रीत एका पंचायतीच्या वाड्या दोन-तीन डोंगरांवर पसरलेल्या असतात, हे ती आखणाऱ्यांच्या ध्यानी आले नसावे. २०२३ च्या सुधारित योजनेत मागणीनुसार गावांपर्यंत जाण्याचे ठरले, हे योग्यच झाले. यासाठीचा पैसा आकाशातून पडत नाही. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे पाच टक्के या सार्वत्रिक सेवेच्या निधीत जमा होतात. त्याचेच आजचे नाव डिजिटल भारत निधी. हा भार अखेर ग्राहकाच्याच बिलात उतरतो. ताम्हिणीचा गुराखी आपल्या रिचार्जमधून त्यात भर घालीतच असतो. तेव्हा सेवा मागताना तो कोणाकडे दया मागत नाही.

उपग्रहसेवेविषयी दोन्ही बाजूंनी बराच गलबला झाला. कालपर्यंत स्पर्धेच्या समतेची तक्रार करणाऱ्या एअरटेल व जिओ या कंपन्यांनी मार्च २०२५ मध्ये त्याच स्टारलिंकशी करार केले, यावरून त्या गलबल्यात तत्त्व किती होते ते दिसते. ट्रायने मे २०२५ मध्ये सुचविलेला मार्ग आम्हांस मूलतः मान्य आहे: महसुलाच्या चार टक्के आकार, आणि शहरी ग्राहकामागे दरसाल ५०० रुपये अधिक, ग्रामीण ग्राहकावर हा अधिक भार नाही. पुणेकरांस ही रक्कम बोचेल, बोचू द्यावी. परंतु केवळ सवलत देऊन भागणार नाही. यंत्राची किंमत शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर राहिली, तर घाटमाथ्यावरील श्रीमंतांचे बंगले जोडले जातील आणि शेजारची वाडी तशीच राहील. म्हणून शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र व पंचायत यांना ठरावीक मुदतीत जोडण्याची अट परवान्यातच असली पाहिजे, आणि ती मोडल्यास दंडही.

नियमनाचे खरे काम मोजणीचे आहे. २०२३ पासून सेकंदाला दोन मेगाबिट एवढ्या वेगास ब्रॉडबँड म्हणावे, असे सरकारने ठरविले. एवढ्या वेगात एक मूल धडा पाहू लागले की दुसऱ्याने थांबावे! व्याख्या तोकडी ठेवली की यश आपोआप मोठे दिसते. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी मात्र कंपन्यांवर आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे प्रसिद्ध करण्याची सक्ती केली आहे, आणि ते शस्त्र उपयोगाचे आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी मुळशीचा नकाशा पौडच्या तहसील कचेरीत टांगावा, वाड्यावाड्यांतील ग्रामस्थांस बोलवावे, आणि ज्या ठिकाणी रंग आहे तेथे आवाज ऐकू येतो काय, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे.