पापणीवरची पाहुणी

पिंपल आला तर कन्सीलर आहे, डार्क सर्कल्स आली तर गॉगल आहे. रांजणवाडीचं काय करायचं? सोमवारी प्रेझेंटेशन असलं की रविवारी ही बया हटकून हजर!

मागच्या पावसाळ्यात आमचा ग्रुप माळशेजला निघाला होता. ओतूर सोडलं आणि एका मैत्रिणीची पापणी ठणकायला लागली. मढला चहाला थांबेपर्यंत डोळा अर्धा मिटलेला. गाडीच्या आरशात बघून मॅडम ती फोडायच्या बेतात! एकाला आजीची उगाळलेली लवंग आठवली, दुसऱ्याला खारकेची बी. टपरीवाल्या मावशी मात्र म्हणाल्या, ‘हात नको लावू पोरी, गरम फडक्यानं शेक.’

डोळ्यांचे डॉक्टरही हेच सांगतात. रांजणवाडी म्हणजे पापणीच्या केसाच्या मुळाशी किंवा तिथल्या तेलग्रंथीत झालेलं इन्फेक्शन. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस या जिवाणूची करामत. ग्रंथीचं तोंड बुजतं, आत पू साठतो. शेकल्यावर घट्ट झालेलं तेल पातळ होतं आणि पू आपोआप वाहून जातो. लवंगेने मात्र डोळा चुरचुरतो आणि सहाणेवरचे जंतूही आत जातात. थोडक्यात फंडा असा : शेक घ्या, लेप विसरा.

हात साबणाने धुवा. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यावर दहा मिनिटं ठेवा, गार झाला की पुन्हा बुडवा. असं दिवसातून 3-4 वेळा. फोडायची नाही, नाहीतर इन्फेक्शन पसरतं. बरं वाटेपर्यंत लेन्स आणि आय-मेकअपला सुट्टी. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत पाहुणी जाते.

ती परत येऊ नये म्हणून? काजळ-मस्कारा शेअर करू नका, तीन महिन्यांनी मस्कारा बदला, पार्टीहून कितीही उशिरा आलात तरी मेकअप उतरवूनच झोपा. टॉवेल स्वतःचा वेगळा. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या.

आणि प्लीज, मनानेच मेडिकलमधून ड्रॉप्स आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं आणि ते फार दिवस वापरलं तर काचबिंदूपर्यंत मजल जाते. दोन दिवस शेकूनही फरक नाही, सूज गालाकडे पसरतेय, ताप आलाय किंवा अंधुक दिसतंय? मग थेट डॉक्टर.

सोमवारचं प्रेझेंटेशन चष्मा लावूनही झकास होतं!