जुगाड कोणाला म्हणता?

पेण तालुक्यात घरोघरी देव घडतात आणि त्याला कोणी जुगाड म्हणत नाही. हमरापूर-जोह्याकडे जाऊन पाहा. पडवीत साचे भरले जातात, माजघरात रंग चढतो, आजोबा डोळे रेखतात आणि सून मुकुटाला सोनेरी हात देते. मुंबईचा पाहुणा ते पाहून गहिवरतो. पण त्याच मूर्ती वाहून नेणाऱ्या ट्रकाचे इंजिन मालकाने अंगणात उघडले की हाच पाहुणा नाक मुरडतो. "घरी कॅमशाफ्ट बदलता? अगदीच जुगाड!" हे उद्गार मी इतक्यांदा ऐकले आहेत, की एकदा त्यांचा जाहीर समाचार घेणे भाग आहे. सणाच्या अंकात असला तेलकट विषय आणला म्हणून गृहिणींनी रागावू नये. चकलीच्या भाजणीइतकेच हे काम मापाचे आहे.

नाक मुरडणाऱ्यांपैकी बहुतेकांना कॅमशाफ्ट म्हणजे काय ते ठाऊक नसते, म्हणून सांगतो. इंजिन हवा घेते आणि धूर सोडते ते झडपांतून. त्या केव्हा नि किती उघडायच्या हे ठरवतो तो अंडाकृती उंचवटे असलेला एक लांब दांडा. क्रँकशाफ्टचे दोन फेरे, तेव्हा याचा एक. ऑइल कमी पडले किंवा घाण झाले की उंचवटा झिजतो, झडप पुरती उघडत नाही, इंजिन मिसिंग करते आणि गाडी चढावर दम टाकते. (येथे सरकारची बाजू घेणे प्राप्त आहे. 2011 साली सुरू झालेले पनवेल-इंदापूर रस्त्याचे रुंदीकरण वर्षानुवर्षे रखडले, त्या खड्ड्यांनी आमचे पाटे मोडले; पण कॅमशाफ्ट झिजवण्याचे पाप काही त्यांच्या माथी मारता येत नाही.)

रोह्याला माझ्या भाच्याचा ट्रक आहे. एकच. एरवी धाटावच्या कारखान्यांचा माल, आणि गणपतीआधी पेणच्या मूर्ती. ऐन ज्येष्ठात गाडी मिसिंग करू लागली. एका मोठ्या वर्कशॉपात नेली, तर तिथल्या साहेबांनी एकदाही डायल गेज न लावता निकाल दिला : अर्धे इंजिन बदला, तीन आठवडे लागतील. तीन आठवडे गाडी उभी राहते, पण बँकेचा हप्ता उभा राहत नाही. भाचा गाडी तशीच हळूहळू माझ्याकडे पेणला घेऊन आला.

आम्ही आधी मोजले. पुशरॉडवर गेज लावून इंजिन हाताने फिरवले, तेव्हा दोन उंचवटे बसलेले निघाले. बाकी इंजिन धडधाकट होते. मग रेडिएटर, पंखा, पुली, टायमिंग कव्हर अशी उतरंड उतरवली. पुशरॉड जिथला तिथेच परत जायला हवा, म्हणून माझ्या पत्नीने पुठ्ठ्याला बारा भोके पाडून त्यांवर आकडे घातले. टॅपेट वर उचलून धरल्याशिवाय कॅमशाफ्ट निघत नाही, आणि घाई केली तर आतल्या बुशांवर ओरखडे उठतात. तो पुढून बाहेर काढायला संध्याकाळ गेली. नवा घालताना टॅपेटही नवे घातले. जुन्या टॅपेटचे तोंड जुन्या उंचवट्याशी झिजून जुळलेले असते, ते नव्याला खाते. गिअरवरच्या खुणा जुळवल्या. सहाव्या सिलिंडरच्या झडपा झुलतात तेव्हा पहिल्याचे टॅपेट लावायचे, दुसऱ्याच्या झुलतात तेव्हा पाचव्याचे, या क्रमाने फिलर गेज फिरवला. आणि इंजिन सुरू झाल्यावर मंद ठेवले नाही, पंधरा-वीस मिनिटे चढ्या वेगात चालवले, कारण नव्या उंचवट्यांना ऑइल मिळते ते क्रँकच्या उडत्या शिंतोड्यांतून. चार दिवस लागले.

आता मला सांगा, जुगाड कोणी केला? मोजणाऱ्याने की न मोजणाऱ्याने?

घरी सगळेच करावे असे मी म्हणत नाही. डिझेल पंपाचे माप पंपवाल्याकडे, घासकाम मशीन-शॉपात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याला तर मी अंगणातून हाकलून देईन. जळके ऑइलही डब्यात भरून द्यावे. भोगावतीत ओतू नये.

पण खरा अडसर अंगणाचा नाहीच, तो कुलुपाचा आहे. टेल्कोने 1954 साली जर्मन डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले. पुढे त्या गाड्यांवर आपल्याकडच्या मिस्त्र्यांच्या पिढ्या तयार झाल्या, कारण इंजिन उघडता येत होते आणि भाग बाजारात मिळत होता. 2020 च्या बीएस-6 गाड्यांत पान्ह्याच्या जोडीला संगणकही लागतो, आणि त्याची किल्ली कंपनीपाशी. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या मिस्त्र्यांना खुली करत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने 2014 साली 14 मोटार कंपन्यांना 2,544 कोटींचा दंड ठोठावला. तो मोटारींपुरता, आमच्या ट्रकाचे काय? 2022 साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळही काढले. उत्तम! पण टॅपेटची फट किती, हेडचा बोल्ट किती ताकदीने आवळायचा, हे आकडे रोह्याच्या पोराला मराठीत कुठे वाचायला मिळतात?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलींपासून. 1920 साली त्यांच्या कारखान्यातून मराठी मासिक निघाले. कारखाना आणि मराठी अक्षर यांचे तेव्हा वैर नव्हते. आज लाखो रुपयांच्या गाडीबरोबर शंभर पानांचे मराठी दुरुस्ती-पुस्तक द्यायला कंपन्यांना कागद महाग झाला काय?

ते येईल तेव्हा येईल. भाच्याने आपल्या इंजिनाचे सारे आकडे शाळकरी वहीत मराठीत उतरवून ठेवले आहेत. वही माझ्याकडे पेणला असते. ज्याला हवी त्याने यावे, हात पुसून पाने उलटावी आणि उतरवून घ्यावे.