जकातीचे दोन न्याय

जकात हा विषय रुक्ष, तो व्यापाऱ्यांनी आणि कारकुनांनी पाहावा, साहित्याला वाहिलेल्या मासिकाने त्यात पडू नये, अशी एक समजूत आमच्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. ही समजूत जुनी नाही. ज्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८८२ साली भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्यांनीच त्याच्या पाच वर्षे आधी खुला व्यापार आणि संरक्षण या वादावर हिंदुस्थानच्या बाजूने पुस्तिका लिहिली होती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले, तेव्हा ते अभंगांचे आणि इतिहासाचे अभ्यासक नव्हते असे कोणी म्हणणार नाही. राष्ट्राने कोणत्या मालावर किती जकात बसवावी, हा प्रश्न त्या पिढीला न्यायान्यायाचा वाटत होता. आम्हालाही तो तसाच वाटतो, आणि म्हणूनच आज आम्ही वाचकांना कांदा आणि साखर या दोन घरगुती जिनसांविषयी विचार करण्याची विनंती करीत आहोत.

७ डिसेंबर २०२३ या एकाच दिवशी दिल्लीहून दोन हुकूम निघाले. एकाने कांद्याची निर्यात दुसऱ्या दिवसापासून बंद झाली. दुसऱ्याने साखर कारखान्यांना उसाच्या रसापासून व पाकापासून इथेनॉल करण्याची मनाई झाली. दोन्ही हुकूम साऱ्या देशाला लागू होते, हे खरे. परंतु अहमदनगर जिल्ह्यावर, ज्याचे नाव पुढे २०२४ साली अहिल्यानगर झाले, ते एकदमच येऊन पडले; कारण या जिल्ह्याच्या उत्तरेचा पाटपाण्याचा पट्टा उसावर जगतो आणि पारनेर, नगर, श्रीगोंदे, नेवासे, राहुरी या भागांतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या हाती रोख पैसा येतो तो कांद्याच्या पट्टीवर. सकाळी जो माल विकाऊ होता, तो संध्याकाळी आपल्या एका बाजारपेठेला मुकला. कोणाला विचारले नव्हते, कोणाला सूचना नव्हती, कोणापुढे सुनावणी झाली नव्हती.

हेच राष्ट्र जकात बसवताना निराळ्या रीतीने वागत असे, याचा पुरावा शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. तो याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १९३० च्या सुमारास जाव्याची साखर आपल्या बाजारात इतकी स्वस्त येत होती की देशी कारखान्यांना उभे राहणे कठीण होते. तेव्हा टॅरिफ बोर्डाकडे चौकशी सोपविण्यात आली. बोर्डाने ऊसवाला, कारखानदार, व्यापारी यांच्या साक्षी घेतल्या, उत्पादनखर्चाचा हिशेब मांडला आणि पंधरा वर्षांच्या संरक्षणाची शिफारस केली. त्यावर १९३२ साली कायदा झाला. परदेशी साखरेवर हंड्रेडवेटामागे सात रुपये चार आणे जकात बसली आणि ३१ मार्च १९४६ पर्यंत संरक्षण राहील, असे कायद्याने सांगितले. सरकार परकीय होते, तरी मुदत लिहून दिली होती. त्या लेखी मुदतीच्या भरवशावर भांडवल पुढे आले. देशात तीसच्या आसपास असलेले आधुनिक कारखाने चार-पाच वर्षांत शंभराच्या वर गेले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले होतेच. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता, त्याच्या शेजारी टिळकनगर उभे राहिले. आणि पुढे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगिळांच्या मार्गदर्शनाने लोणीजवळ शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. जकातीच्या आडोशाला जो धंदा वाढला, त्याचा मालक होण्याचे धैर्य शेतकऱ्याला आले, हा या जिल्ह्याचा अभिमानाचा भाग आहे.

त्या संरक्षणाची किंमत कोणी दिली? शहरातील गृहस्थाने दिली. स्वस्त जावा साखर सोडून त्याने महाग देशी साखर चहात घातली, आणि देशी धंद्यासाठी हा भार सोसणे आपले कर्तव्य आहे, असे त्याने मानले. त्या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही. कारखाने भराभर निघाले, उत्तरेकडील कारखानदारांनी १९३७ साली संघ करून भाव चढे ठेवण्याचा उद्योग केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ सालीच साखरेवरील आयात जकातीच्या चर्चेत बजावले होते की संरक्षण दोन प्रकारचे असते: एक वाढत्या धंद्याला आधार देणारे, दुसरे बलिष्ठांच्या जुटीला सामान्य जनतेच्या खर्चाने गब्बर करणारे. आम्ही हा भेद मान्य करतो. आमचा आग्रह कोणत्याही संरक्षणासाठी नाही. तो चौकशी, मुदत आणि वचन या तीन गोष्टींसाठी आहे.

आता कांद्याकडे पाहू. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी झाली, ती मार्च २०२० मध्ये उठली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा आली, १ जानेवारी २०२१ ला पुन्हा उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यात जकात, ऑक्टोबरात टनामागे आठशे डॉलर किमान भावाची अट, डिसेंबरात संपूर्ण बंदी. ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत, असे म्हटले होते. ती तारीख येण्यापूर्वीच मुदत बेमुदत झाली. एप्रिलात गुजरातेतील दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला वाट मोकळी केली, कारण तो निर्यातीसाठीच पिकतो असे सांगण्यात आले. नगर-नाशिकच्या लाल कांद्याला तसे कारण सापडले नाही. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण साडेपाचशे डॉलरांची अट आणि चाळीस टक्के जकात राहिली. सप्टेंबरात अट गेली, जकात वीसवर आली. १ एप्रिल २०२५ ला ती जकातही गेली. साडेपाच वर्षांतील ही मालिका वाचताना वाचकाला दम लागला असेल, तर ज्याने या काळात प्रत्येक हंगामाला रोप टाकले, त्याची स्थिती काय झाली असेल याचा त्याने विचार करावा. आणि हा एका पक्षाचा दोष आहे असेही कोणी समजू नये. डिसेंबर २०१० मध्ये दुसऱ्या पक्षाचे सरकार होते, आणि तेव्हाही निर्यात अशीच बंद झाली होती.

कांदा हा कापडाच्या ताग्यासारखा नाही, की आज भाव नाही म्हणून फळीवर ठेवून द्यावा. रब्बीचा उन्हाळ कांदा मार्च ते मे या महिन्यांत निघतो आणि चाळीत चार-पाच महिने टिकतो. तरी त्यात वजन घटते, काही सडतो, काहीला कोंब येतात. चाळीत माल भरण्याचा हा धोका शेतकरी घेतो तो पुढे भाव वाढेल या आशेवर. ऑगस्टमधील जकातीने नेमकी ती आशा मारली. खरिपाचा लाल कांदा तर मुळीच टिकत नाही. काढला की घोडेगाव, नेप्ती, वांबोरी जो बाजार जवळ असेल तेथे नेऊन पडेल त्या भावाने विकावा लागतो. डिसेंबरची बंदी या मालावर आली, आणि काही आठवड्यांत भाव निम्म्यावर उतरले. शिवाय तोच काळ रब्बीच्या लागणीचा. एका हाताने रोप लावायचे आणि दुसऱ्या हाताने तोट्याची पट्टी घ्यायची, असा तो प्रसंग होता.

यावर कोणी म्हणेल, आणि आमच्या वाचकांपैकी अनेकजण म्हणत असतील, की कांदा हे गरिबाचे अन्न आहे. तो शंभर रुपये किलो झाला तर सरकारने हातावर हात ठेवून बसावे काय? आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो टाळीत नाही. २०२२-२३ साली देशात सुमारे ३०२ लाख टन कांदा झाला होता, पुढील वर्षी तो सुमारे २४२ लाख टनांवर आला. म्हणजे पाचवा हिस्सा घटला. चिंता निराधार नव्हती. परंतु प्रश्न चिंता करावी की नाही हा नसून तिचा खर्च कोणी द्यावा हा आहे. रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी २०२४ साली असा हिशेब मांडला की ग्राहक कांद्यासाठी जो रुपया देतो, त्यातील सुमारे छत्तीस पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात. उरलेले चौसष्ट पैसे वाहतूक, घट, अडत आणि दुकान यांत जातात. निर्यातबंदी ही त्या छत्तीस पैशांना चिमटा काढून शंभर पैशांचे दुखणे बरे करू पाहते. चौसष्टाकडे तिची नजर जात नाही, कारण तेथे हात घालणे कष्टाचे आहे आणि छत्तीसाचा धनी संघटित नाही.

गरिबाला स्वस्त कांदा द्यावयाचा असेल तर त्याचा सरळ मार्ग सरकारला ठाऊक आहे. भाव स्थिर राखण्यासाठी निधी आहे; २०२३ साली पाच लाख टन कांदा खरेदी करून साठविण्याचे ठरले आणि तो शहरांत पंचवीस रुपये किलोने विकलाही गेला. हे धोरण आम्हाला मान्य आहे. बाजारभावाने खरेदी करावी, तोट्याने विकावा आणि तोटा सर्व देशाच्या तिजोरीतून भरावा. भूतदयेचा खर्च सर्वांनी मिळून करावयाचा असतो. तो पारनेरच्या कोरडवाहू शेतकऱ्यावर एकट्यावर टाकला की ती दया राहत नाही. ती वसुली होते.

दुसरा आक्षेप असा की टंचाईच्या वेळी चौकशी करीत बसायला सवड नसते. कारखानदाराची तक्रार येते तेव्हा ही सवड कशी सापडते? परदेशी माल पडेल भावाने येथे ओतला जात आहे असा अर्ज आला, की त्यासाठी नेमलेले खाते आकडे मागवते, दोन्ही बाजूंना बोलावते, निष्कर्ष आधी कळविते, त्यावर म्हणणे ऐकते आणि मग शिफारस करते. या कामाला महिने लागतात आणि लागू दिले जातात. शेतकऱ्याच्या मालावर जकात बसविताना मात्र राजपत्राचा एक कागद पुरतो. एकाला न्यायासन, दुसऱ्याला फर्मान! कांद्याची लागण किती झाली, पाऊस कोठे चुकला, चाळीत साठा किती उरला, हे काही एका रात्रीत कळत नाही. ते महिनाभर आधी कळते, आणि कळत नसेल तर कळवून घेणे हेच सरकारचे काम आहे. जी टंचाई आधी दिसू शकते, तिच्यासाठी तातडीचे निमित्त सांगता येत नाही.

साखरेच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक उघड झाली. इथेनॉलचे कारखाने काढा, असे सरकारनेच सांगितले, २०१८ पासून त्यासाठी व्याजात सवलत दिली, पेट्रोलात वीस टक्के मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे ओढले. कारखान्यांनी कर्जे काढली, त्यांचा बोजा शेवटी ऊसवाल्या सभासदावर आला. मग ७ डिसेंबरचा हुकूम आला. आठ दिवसांतच, १५ डिसेंबरला, तो मर्यादा घालून सैल करावा लागला. ज्या टंचाईच्या भयाने हे केले, ती आली नाही. त्या हंगामात सुमारे ३२० लाख टन साखर निघाली, देशाच्या वर्षाच्या खपाहून जास्त. साखर कारखानदारीत दोष पुष्कळ आहेत. तिचे राजकारण आणि तिने पाण्यावर केलेली सत्ता यांचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु कारखान्याचा अध्यक्ष अशा हुकुमाने बुडत नाही. उसाचे बिल ज्याला उशिरा मिळते, तो बुडतो.

बाहेरच्या गिऱ्हाइकाचाही विचार करावयास हवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी हसत हसत सांगितले, की तुम्ही न कळविता कांदा बंद केला म्हणून मी माझ्या स्वयंपाक्याला कांद्याशिवाय शिजवायला सांगितले आहे. पुढच्या वेळी आधी कळवीत जा. सभेत हशा पिकला. पण शेजाऱ्याने मागितले ते स्वस्त कांदा नव्हे, सूचना मागितली, हे हसणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. पुढच्याच वर्षी पुन्हा न कळविता बंदी आली. जे दुकान केव्हा उघडे आणि केव्हा बंद हे सांगता येत नाही, त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्या आळीत जाते, आणि गेलेले गिऱ्हाईक सहजी परतत नाही.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. नाशवंत पिकावरील निर्यात जकात किंवा बंदी लागणीपूर्वी जाहीर केलेल्या नियमाने चालावी; किती भावाला कोणती कारवाई होईल, हे शेतकऱ्याला रोप टाकण्याआधी ठाऊक असावे. जाहीर केलेली मुदत सरकारने पाळावी. बदल करावयाचा असेल तर उघड चौकशी व्हावी आणि तीत पिकविणाऱ्याची साक्ष व्हावी. आणि अपवाद म्हणून तातडीने काही करावेच लागले, तर झालेल्या नुकसानीचा वाटा तिजोरीने उचलावा. यांत क्रांतिकारक असे काही नाही. १९३२ साली एका परकीय सरकारने साखरवाल्याला जेवढे दिले, तेवढेच स्वराज्याने कांदेवाल्याला द्यावे, एवढेच आम्ही म्हणतो.

शेवटी एक शब्द आमच्याच वर्गाला. आम्ही पगारदार, आमची वेतने महागाईच्या आकड्यांप्रमाणे वाढतात, आणि कांदा महागला की वर्तमानपत्रे आमच्याच वतीने ओरडतात. सरकार घाबरते ते या ओरडीला. घोडेगावच्या बाजारात पडलेल्या भावाला नव्हे. म्हणून त्या रात्रीच्या हुकुमाखाली आमचीही सही आहे. आमच्या आजोबांनी देशी धंदा जगावा म्हणून महाग साखर खाल्ली. दोन महिने कांदा महाग घेण्याची वेळ आली, तर तेवढे सोसून सरकारला आम्ही सांगितले पाहिजे, की आमच्या नावाने शेतकऱ्याशी केलेला करार मोडू नका.